माळसांगवीचं स्मृतिवन

आपल्या मराठवाड्यात व्याख्यान म्हटलं की सत्कार आलेच, आणि सत्कारांना काही धरबंध नसतो. पाहुण्याचा, पाहुण्याला घेऊन येणाऱ्याचा, माइकवाल्याचा, ज्याच्या घरातून वीज ओढली त्याचा. आनंदराज सोनकांबळे यांनी हे आयुष्यभर निमूटपणे सोसलं. लातूरच्या एका ज्युनिअर कॉलेजात ते जीवशास्त्र शिकवायचे आणि रविवार आला की प्रोजेक्टर पिशवीत घालून खेड्यापाड्यांत निघायचे. लांडगा, खोकड, घुबड, धामण, मांडूळ, ज्यांना बघून लोक आधी दगड शोधतात त्या सगळ्यांची वकिली करायला. शेजारच्या सीटवर बुद्धप्रियाबाई असायच्या, मांडीवर पडद्याची घडी घेऊन.

पडदा कसला, घरातली पांढरी चादरच होती ती. बाईंनीच तिला वरून नेफा शिवून दोरी ओवली होती. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवायच्या. एकदा पेपर तपासताना पेनातली शाई उडाली आणि चादरीवर डाग पडला तो काही केल्या निघाला नाही. फोटो पडद्यावर आला की डाग नेमका आभाळात यायचा. मग प्रत्येक गावात कुणी ना कुणी पोर विचारायचंच, "सर, ते कोणतं पाखरू हाय?" सर गंभीर चेहऱ्यानं सांगायचे, "ते आमच्या घरचं आहे. दुसरीकडं सापडत नाही." लोक हसायचे. पडद्याशेजारच्या अंधारात बाईही हसायच्या.

इतक्या वर्षांत बाईंनी एकदाही माइक हातात घेतला नव्हता. वर्गातल्या पोरांना नुसत्या नजरेनं गप्प करणारी ही बाई, पण नवऱ्याच्या व्याख्यानात तिचं काम एकच, वारा आला की चादरीचं टोक धरून उभं राहायचं. त्यात तिला कमीपणा कधी वाटला नाही. उलट तिथून लोकांचे चेहरे दिसतात, बोलणाऱ्याला ते दिसत नाहीत, असं ती म्हणायची.

सर गेल्या आषाढात गेले. दोन दिवसांचा ताप काय आणि माणूस जातो काय. लातूरला मातीत ठेवलं. बाईंनी ओंजळभर माती टाकली, इतरांनी टाकली, वंदना झाली, आणि घर रिकामं झालं.

वर्ष भरत आलं तेव्हा फोन वाजला. उदगीरच्या पलीकडं, कर्नाटकाच्या शिवेला लागून माळसांगवी नावाचं गाव आहे. तिथले सरपंच श्रीमंत पाटील बोलत होते. सर दरवर्षी तिथं जायचे.

"मॅडम, सर गेले तवा आमच्याकडं नाल्याला पूर हुता. ट्रॅक्टर घालून बघितला, निघंना. सरांना शेवटची माती द्यायला माळसांगवीचं एक माणूस पोचलं न्हाई. ते लई सलतंय गावाला."

"अहो, निसर्गापुढं कुणाचं काय चालतं," बाई म्हणाल्या.

"तरी बी. म्हणून ग्रामसभेत ठराव केलाय. सरांच्या नावानं स्मृतिवन करायचं. झाडं आली, खड्डे बी घ्यायलोय. स्मृतिदिनाला तुमी यायचं. पहिलं झाड तुमच्या हातानं. आन् यंदाचं व्याख्यान बी तुमीच द्यायचं, न्हाई म्हणू नगा."

"कुठं करताय?"

"माळावर की. तेवढीच तर मोकळी जागा हाय."

मोकळी जागा हा शब्द सरांच्या कानावर पडला असता तर त्यांनी प्रोजेक्टर काढून तिथंच, फोनवरच व्याख्यान सुरू केलं असतं. सरांचा सगळा जन्म माळरानाची बाजू घेण्यात गेला होता. झाडं लावा म्हणून सांगणारे शंभर आहेत, गवत राखा म्हणून सांगणारा एखादा तरी असू द्या, असं ते म्हणायचे. बाईंना हे पाठ होतं. तरी त्यांच्या तोंडून जे निघालं ते एवढंच, "येते."

का म्हणाल्या, तर त्यांना ते झाड हवं होतं. सरांच्या मागं राहिलं काय, तर एक प्रोजेक्टर, एक डाग पडलेली चादर आणि भिंतीवरचा फोटो. जिथं मातीत ठेवलं तिथं आता दुसऱ्याही लोकांना ठेवलेलं. कुठंतरी एक झाड असावं, वर्षातून एकदा जावं, त्याच्या सावलीत बसावं, एवढं विधवेला वाटलं तर त्यात काय चुकलं? बाईंनी स्वतःची समजूत घातली की गाव मायेनं देतंय, आणि मायेनं दिलेल्याला नाही म्हणू नये. भाषणाचा कागदही तयार केला. आभाराचं भाषण होतं ते, त्यात गवताचा उल्लेख नव्हता.

उदगीरपर्यंत एसटी आणि पुढं गावानं पाठवलेली जीप. आभाळ भरलेलं होतं, पण पाऊस नव्हता. गावाच्या अलीकडं, रस्त्याच्या कडेलाच माळ सुरू होतो, तिथं मांडव घातला होता. शेजारी दोन लोखंडी खांबांवर पक्का बोर्ड उभा केलेला. बाईंनी तो थांबून वाचला. 'कालकथित आनंदराज सोनकांबळे स्मृतिवन'. असल्या बोर्डांवर लोक सरळ 'कै.' लिहून मोकळे होतात. बौद्ध माणसाच्या नावाआधी कालकथित लिहायचं असतं, हे इथं कुणीतरी विचारून घेतलं होतं. टेबलावर पांढरं कापड, बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी, मेणबत्त्या. गावानं कुठं म्हणून कमी ठेवली नव्हती.

"जयभीम ताई," म्हणत नागुबाई पुढं आल्या. बौद्ध वस्तीतल्या, ग्रामपंचायतीच्या सदस्य, सरांच्या व्याख्यानाला पहिल्या रांगेत बसणाऱ्या. त्यांनी बाईंचा हात धरला तो सोडलाच नाही.

"बोर्ड बघितला का? सहजासहजी न्हाई लागला तो. कुणी म्हणलं देवाचं नाव द्या, कुणी म्हणलं पुढाऱ्याचं द्या. मी म्हणलं, लांडग्याच्या बिळापसून सापापर्यंत गावाला शिकवलं कुणी? मग त्याचंच नाव. लई भांडले. शेवटी पाटलांनीच हात वर केला." मग आवाज उतरवून म्हणाल्या, "पहिल्या साली सरांना चहा कशात दिलता, याद हाय?"

बाईंना चांगलंच आठवत होतं. सगळ्यांना स्टीलचे पेले आणि सरांना कागदी कप. पाहुणे म्हणून, असं कुणीतरी पुटपुटलं होतं. सरांनी चहा प्याला, कप चुरगाळून खिशात ठेवला आणि उठून लांडग्यावर बोलले. तीनेक वर्षांनी पेला आला, सगळ्यांचा होता तसलाच. त्या कपाबद्दल नवरा-बायको घरीसुद्धा कधी बोलले नाहीत.

"त्याच गावानं आज आमच्या माणसाचं नाव वेशीवर लावलंय," नागुबाई म्हणाल्या. "आमच्या वस्तीतल्या म्हाताऱ्या सकाळी येऊन नुसता बोर्ड बघून गेल्या. वाचता येत न्हाई त्यायला, तरी."

बाईंनी मान हलवली आणि बोर्डाच्या पलीकडं पाहिलं. तिथं खड्डे होते. जेसीबी लावून ओळीनं घेतलेले, पार टेकाडाच्या उतारापर्यंत. प्रत्येक खड्ड्याशेजारी मातीचा ढीग, आणि ढिगात मुळासकट उलटं पडलेलं गवत. माळटिटव्यांची एक जोडी त्या खड्ड्यांवरून ओरडत घिरट्या घालत होती. लाउडस्पीकरच्या आवाजात तिचं ओरडणं कुणाच्या लेखी नव्हतं.

सरांचं प्रत्येक व्याख्यान एकाच फोटोनं सुरू व्हायचं. उघडा माळ, खाली गवत, वर आभाळ. सर विचारायचे, काय दिसतंय? लोक म्हणायचे, काहीच न्हाई. मग सर काठीनं दाखवायचे. हा दगड नाही, ही अंड्यांवर बसलेली टिटवी. हे गवताचं पातं नाही, खोकडाचा कान. इथं झाडांची सावली पडली की गवत जातं, आणि गवत गेलं की उघड्यावर अंडी घालणारं पाखरू जातं, खोकड जातं, लांडगा जातो. मोकळं दिसतं म्हणून रिकामं समजू नका. एवढं झाल्यावर लांडग्याची गोष्ट. त्या गोष्टीचा परिणाम असा की, माळसांगवीच्या मेंढक्यांनी दगड लावून बुजवलेलं लांडग्याचं बीळ दुसऱ्या दिवशी स्वतः मोकळं केलं होतं. म्हणजे गावाला कान नव्हते असं नाही. पण गोष्टीतला लांडगा लक्षात राहतो. गवत कोण लक्षात ठेवतं?

सत्कार सुरू झाले. फेटे बांधून झाले, नारळ झाले, माइकवाल्याचा सत्कार झाला. श्रीमंत पाटील बोलले. पुराच्या दिवसाचं सगळं सांगितलं. ट्रॅक्टर नाल्यात घालणारे ते स्वतःच होते, हे बाईंना तेव्हा कळलं. मग त्यांनी स्टेजजवळच्या एका खड्ड्याकडं हात केला. त्याच्या कडेला कुंडीत पिंपळाचं रोप होतं, हातभर उंच, चांगली पानं धरलेलं. "हे बोधिवृक्ष म्हणून मुद्दाम आणलंय," पाटील म्हणाले. "पहिलं झाड मॅडमच्या हातानं लागंल. आधी मॅडम दोन शब्द बोलतील."

बाई माइकपुढं उभ्या राहिल्या. कागद उघडला. समोर सगळं गाव बसलेलं, स्टेजकडं तोंड आणि माळाकडं पाठ करून. फक्त बाईंनाच माळ दिसत होता. पिंपळाचं रोप वाऱ्यानं हललं, आणि त्यांना ते इतकं हवंहवंसं वाटलं की क्षणभर डोळ्यांपुढचा कागद दिसेना. एक खड्डा. एकच झाड. बाकीच्यांचं नंतर बघता येईल. पण सरांचं नाव घेऊन पहिलं झाड आपणच लावलं, तर उरलेल्या खड्ड्यांपुढं आडवं पडायला तोंड कुठून आणायचं?

त्यांनी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

"जरा उठता का सगळे?" त्या म्हणाल्या. "खुर्च्या फिरवून बसा. तिकडं तोंड करून."

लोकांनी एकमेकांकडं पाहिलं. पण आवाज बाईंच्या वर्गातला होता, त्यामुळं उठले. खुर्च्या फरफटल्या, पोरं ओरडली, आणि सगळं गाव माळाकडं तोंड करून बसलं. बाई स्टेजवरून उतरल्या आणि चालत मांडवाच्या त्या टोकाला जाऊन कडेला उभ्या राहिल्या. पडद्याशेजारी उभ्या राहायच्या तशाच. पडदा नव्हता. आभाळ होतं, आणि त्यात तो डाग नव्हता.

"काय दिसतंय?" त्यांनी विचारलं.

मग मागून एक माणूस म्हणाला, "खड्डे."

काही जण हसले. हसणं लगेच विझलं. पुढच्या रांगेत तुळजाबाई होत्या, ह्याच माळावर शेळ्या चारत म्हाताऱ्या झालेल्या. त्या म्हणाल्या, "सर इचारायचे तवा आमी म्हणायचो, काहीच न्हाई. आता तेवढं बी म्हणता येईना बघ."

आता टिटव्यांचं ओरडणं सगळ्यांना ऐकू येत होतं.

"सरांसारखं मला बोलता येत नाही," बाई म्हणाल्या. "पण त्यांनी इथं काय सांगितलं ते मी दरवर्षी ऐकलंय. इथं झाडं लावू नका. मला फोन आला तेव्हाच मला हे म्हणायला पाहिजे होतं. मी म्हणाले नाही, कारण मला ते झाड हवं होतं. आत्तासुद्धा हवं आहे. त्यांच्या मागं मला बसायला जागा नाही. पण ह्या माळावर झाडं लावून त्यांची आठवण ठेवायची म्हणजे, ते जे बोलले ते आपण ऐकलंच नाही असं होईल. तुम्ही मायेनं केलंय, ते मला कळतं. म्हणूनच हे बोलायला मला फार जड जातंय."

इतकं सलग त्या वर्गाबाहेर कधी बोलल्या नव्हत्या.

श्रीमंत पाटील स्टेजवरून खाली आले. चेहरा उतरलेला. "मॅडम, आमी आता काय करावं? समद्या गावाला बोलावलंय. झाडं येऊन पडल्यात."

"झाडांनी काही बिघडवलं नाही, पाटील. नाल्याच्या काठाला लावा. पुरानं काठ खाल्लाय, तिथं पाहिजेच आहेत. शाळेत लावा, रस्त्याला लावा. फक्त इथं नको. आणि हे खड्डे बुजवा."

मागच्या काही खुर्च्या रिकाम्या झाल्या. एवढे खड्डे घेतले ते काय येडे म्हणून का, असं कुणीतरी जाता जाता बोललं, ऐकू जाईल अशा बेतानं. त्याचंही अगदीच खोटं नव्हतं.

"आन् नाव?" नागुबाई उभ्या राहिल्या होत्या.

बाईंना प्रश्न आधी कळला नाही.

"वनच न्हाई म्हणल्यावर बोर्डाचं काय? ते सांगा की ताई."

"उतरवा," बाई म्हणाल्या. "त्यांना बोर्डाची हौस नव्हती, नागुबाई. तुम्हाला माहीत आहे."

"सरांना नसंल. आमाला हाय." नागुबाईंचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "झाडं नगं म्हणता, नगं. मला पटलं. पर नाव एकदा उतरलं की पुन्हा चढत न्हाई. तुमी सांजच्याला लातूरला जाल. आमी हितंच ऱ्हातो. उद्यापसून लोक म्हणतील, बघा, तुमच्याच बाईनं काढाय लावलं."

आपण स्वतःचं झाड सोडलं, म्हणजे सगळं सोडून झालं, असं बाईंना वाटलं होतं. ह्या बोर्डावर आणखी कुणाचं काय टांगलेलं आहे, हे त्यांनी मनात आणलंच नव्हतं. त्यांना स्वतःची लाज वाटली. माळ वाचवायचा तर नाव जातंय, आणि नाव गेलं तर कागदी कपाचे दिवस परत येतात, निदान नागुबाईंना तरी तसंच दिसत होतं. सर असते तर काय म्हणाले असते, हे इथं बाईंनाही माहीत नव्हतं.

पाटील बोर्डापाशी गेले. डोक्यावरचा फेटा त्यांनी काढून हातात घेतला.

"नाव उतरणार न्हाई," ते म्हणाले. "ठराव नावाचा झालाय, आन् हात मी वर केलाय. वन तेवढं पुसू. माळाला नाव लावलं तर माळ काय नगं म्हणणार हाय का?" मग नागुबाईंकडं वळून म्हणाले, "जमंल का, आक्का?"

नागुबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "जमंल," त्या म्हणाल्या. "पर पुसायचं ते आत्ता. माझ्यासमोर."

पांढऱ्या रंगाचा डबा मांडवातच होता, खड्ड्यांच्या खुणा करायला आणलेला. कुणीतरी खुर्चीवर चढलं आणि 'स्मृतिवन' ह्या शब्दावरून ब्रश फिरवला. राहिलं ते 'कालकथित आनंदराज सोनकांबळे', आणि त्याच्या मागं उघडा माळ.

फावडी झाडं लावायला आणलीच होती. गडी खड्ड्यांकडं निघाले. तुळजाबाई त्यांच्यामागून ओरडत होत्या, "गवताची मुळी खाली ठिवा रे, उलटं घालू नगा. आन् पाय बघून टाका, पिल्लं असतील." सगळे खड्डे एका दिवसात बुजण्यासारखे नव्हते, आणि बुजले तरी जेसीबीनं चिरडलेलं गवत एका पावसात उठणार नव्हतं. टिटव्यांची पिल्लं होती की चाकाखाली गेली, हेही कुणाला सांगता आलं नाही.

पिंपळासाठीच्या खड्ड्याशी बाई स्वतः गेल्या. फावडं कुणी दिलं नाही, त्यांनी मागितलंही नाही. गुडघे टेकून बसल्या आणि ढिगातली माती ओंजळीनं आत टाकली. मातीचा आवाज खड्ड्यात झाला तेव्हा त्यांचे हात थांबले. हा आवाज त्यांनी वर्षापूर्वी ऐकला होता, लातूरला. आता मात्र त्यांना रडू आवरलं नाही. त्या तशाच बसून राहिल्या, डोक्यावर सत्काराचा फेटा आणि हाताला माती.

शेजारी श्रीमंत पाटील येऊन बसले. त्यांनी चपला मागंच काढून ठेवल्या होत्या. वाकून मूठभर माती उचलली, दोन्ही हातांत धरली आणि खड्ड्यात सोडली.

"गेल्या साली पोचलो न्हाई, सर," ते म्हणाले.

मग नागुबाईंनी माती टाकली. मग तुळजाबाईंनी. मग मांडवातून एकेक जण उठून येऊ लागला, पायातलं काढून, बापये आणि बाया. कुणी रांग लावली नव्हती, पण रांग लागली. प्रत्येकानं मूठभर माती टाकली, हात जोडले आणि पुढच्याला जागा दिली. मघाशी पुटपुटत गेलेला माणूससुद्धा रस्त्यावरून परत आला. बाई बाजूला बसून एकेकाचा चेहरा बघत होत्या. शेवटच्या माणसानं माती टाकली तेव्हा खड्डा भरून आला.

तुळजाबाईंनी गवताचं एक ढेकूळ आणून त्यावर मुळी खाली करून बसवलं. बाईंनी ते तळहातानं दाबलं. मग नागुबाईंनी पिंपळाची कुंडी कडेवर घेतली आणि त्या व बाई बौद्ध वस्तीतल्या विहाराकडं चालू लागल्या, झाड लावायला.